दहा वर्षांची अल्टो 800 घ्यावी की थोडे जास्त टाकून नवीनच?

चिंचवडकर:
सप्टेंबर 2025 मध्ये नव्या लहान गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हापासून जो तो सांगतोय की आता सेकंडहँड घेण्यात अर्थ नाही. मला हे पटत नाही. 2014-15 ची अल्टो 800, फर्स्ट ओनर, साठ-सत्तर हजार चाललेली, आमच्या बाजूला दीड-पावणेदोन लाखात मिळते. माझं म्हणणं एवढंच की घासाघीस करून पाच हजार कमी केले यात समाधान मानू नका, वरचे चाळीस हजार पहिल्याच दिवशी बाजूला काढा, कारण या वयाच्या गाडीला काय काय निघणार ते जवळपास ठरलेलं असतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा सेट बाहेरच्या गॅरेजला मजुरीसकट पाच-साडेपाच हजार. पुढचे शॉकअप आणि लोअर आर्मचे बुश पाच-सहा. बारा इंची चार टायर दहा-बारा हजार, बॅटरी साडेतीन-चार. आणि टायमिंग बेल्ट! या 796 सीसीच्या इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे, तो लाख किलोमीटरच्या आसपास बदलायचाच आणि जुन्या मालकाकडे बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. दोन-अडीच हजाराचं काम आहे, पण हायवेला तुटला तर गाडी जागेवर उभी. एवढं करून घेतलं की पुढची चार-पाच वर्षं ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड याच्यापलीकडे फार काही लागत नाही.

गोदाकाठ:
दादा, तुमचा हिशोब फक्त गॅरेजचा आहे. 2014 ची गाडी 2029 ला पंधरा वर्षांची होणार, म्हणजे आरटीओत री-पासिंग (गाडीची पुन्हा नोंदणी), त्याची फी पाच हजार, पर्यावरण कर वेगळा, आणि त्यानंतर विकायला काढली तर कोण किती देणार? शिवाय त्या वर्षांच्या बहुतेक अल्टोंमध्ये एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय) तर नाहीच. जीएसटी कमी झाल्यावर नवीन अल्टो के10 ची शोरूम किंमत 3.70 लाखापासून झाली आणि त्यात सहा एअरबॅग येतात. तुमचे दोन लाख तर जुन्या गाडीत असेही जाणारच आहेत, मग घरातली लहान मुलं मागच्या सीटवर बसणार असतील तर वरचे दोन लाख कशासाठी वाचवायचे तेच मला कळत नाही.

चिंचवडकर:
ताई, 3.70 ही एक्स-शोरूम झाली, टॅक्स, इन्शुरन्स धरून चार लाखाच्या वरच जाते. साडेतीन लाखाचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं तर महिन्याला सात हजारावर हप्ता. जुन्या गाडीला वर्षभरात एखादं मोठं काम निघालं तरी ते अशा दोन हप्त्यांत बसतं. थर्ड पार्टी इन्शुरन्स हजार सीसीच्या आत 2,094 रुपये. ज्याचा पगार पंचवीस हजार आहे त्याला आपण हप्त्यात अडकवायचं का? त्याला पावसात बायको-मुलांना घेऊन बाइकवर जावं लागू नये एवढंच हवंय, आणि एअरबॅग नसलेली गाडीसुद्धा बाइकपेक्षा सुरक्षितच आहे ना.

सोलापूर_गॅरेज:
आमचं स्वतःचं गॅरेज आहे म्हणून बोलतो. चाळीस हजार बाजूला ठेवा हे बरोबर, पण तुम्ही जी कामं लिहिली ती सगळी दिसणारी आहेत. गाडी बसवतं ते हीट. आमच्याकडे उन्हाळ्यात चाळीसच्या वर तापमान जातं आणि लोक वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी ओततात, त्याने रेडिएटर आतून गंजतो, चोक होतो, कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाकलेला असतो, मग एक दिवस गाडी गरम होते आणि मालक तशीच दामटत घरी आणतो. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, अ‍ॅल्युमिनियमचं असतं, ते वाकतं. हेड उतरवणं, फेसिंग (घासून सपाट करणं), गॅस्केट, सील, ऑइल, कूलंट धरून आठ ते बारा हजार, आणि बोअरपर्यंत, म्हणजे आतल्या सिलिंडरपर्यंत गेलं तर पूर्ण इंजिनकाम, तिथे पंचवीस-तीसलाही काम भागत नाही. म्हणून गाडी बघताना इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. आत तांबूस गढूळ पाणी दिसलं की निघून या, मालक कितीही गोड बोलू दे. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा थर असेल तर हात पण लावू नका (पावसाळ्यात अगदी जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला थोडा येतो, पण मग ऑइल मोजायची काठी काढून ऑइल बघा, ते स्वच्छ हवं).

खेडवाला:
हे सगळं घाटावर ठीक आहे हो. आमच्या कोकणात इंजिन ठणठणीत असतं आणि पत्रा सडलेला असतो. दाराखालचा पत्रा, मागच्या चाकाच्या वरची बाजू, सायलेन्सर, सगळं खाऊन टाकतो पाऊस आणि खारा वारा. वरून रंग मारून आणतात, बाहेरून काही कळत नाही. फूटमॅट उचलून खालचं कार्पेट हाताने दाबून बघा, ओलं लागलं तर खाली गंज आहेच. वेल्डिंग करून रंग मारायला पंधरा हजार गेले तरी दोन पावसाळ्यांत परत तेच. त्यामुळे किनाऱ्याची गाडी असेल तर गोदाकाठ म्हणतात तेच खरं, नवीन घ्या.

सोलापूर_गॅरेज:
मान्य, गंजलेल्या गाडीला माझा पण नकारच. पण म्हणून सगळ्यांनी नवीनच घ्यावी हे मला नाही पटत. चांगली जुनी अल्टो मिळते, फक्त मालकाला आदल्या दिवशीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर चहा पिऊन दोन-तीन तास थांबा. गार गाडी पहिल्या सेल्फला लागली पाहिजे, धूर निळा नको आणि मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळणं नको. आणि सोबत स्वतःचा मेकॅनिक न्या, डीलर देईल तो नाही. पाचशे रुपये जातील त्याचे, जाऊ द्या.

गोदाकाठ:
गाडी कशी तपासायची हे छान सांगितलंत, सेव्ह करून ठेवलंय. पण चिंचवडकर, बाइकपेक्षा सुरक्षित हे काही उत्तर झालं नाही. माझा प्रश्न चार लाखाच्या गाडीशी तुलनेचा होता. आणि पंचवीस हजार पगारवाल्याचंच घ्या, दीड लाखाची गाडी आणि वर चाळीस हजार हे सगळं त्याला रोखीत एकदम काढावं लागणार. ते तो कुठून आणणार?