प्रति: ठराविक प्रोसेसच बघायच्या आहेत

दादा, लिनक्सवर सगळ्या सोडून ठराविकच प्रोसेसवर (चालू प्रोग्रॅमवर) नजर कशी ठेवायची, असं तुम्ही विचारलंय. वर कुणीतरी टॉपला (चालू प्रोसेसची सतत बदलती यादी दाखवणारी कमांड) हायफन पी लावून पीआयडी (प्रोसेसचा नंबर) द्यायला सांगितलंय. दोनचार प्रोसेससाठी ते बरंय, पण टॉप एका वेळी 20 च पीआयडी घेतं. खरी गोची वेगळीच आहे. आमच्याकडे लातूरला आडतीच्या हिशोबाचा सर्व्हर आहे. सोयाबीनच्या सीझनला मेमरी संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) डेटाबेस मारतं, सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) तो परत उठवतं आणि पीआयडी बदलतो. टॉप मात्र उगं जुन्याच नंबरकडे बघत बसतं.

म्हणून नावानं शोधा. पीएसला (त्या क्षणाची प्रोसेसची यादी देणारी कमांड) हायफन मोठा सी देऊन पुढे प्रोसेसचं नाव, आणि ती अख्खी कमांड वॉचमध्ये टाका, वॉच ती परत परत चालवतं. दर वेळी शोध नव्यानं होतो. फक्त पीएसच्या सीपीयू टक्क्यावर जाऊ नका. तो प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो, आत्ताचा भार नव्हे. महिनाभर निवांत चाललेली प्रोसेस आज पेटली तरी तिथं आकडा गरीबच दिसणार.

माझं मत पिडस्टॅटला, म्हणजे प्रोसेसचा वापर ठराविक अंतरानं मोजणाऱ्या कमांडला. सिसस्टॅट पॅकेजमध्ये येतं. हायफन मोठा सी, नाव आणि शेवटी 2 दिलं की दर दोन सेकंदांचा सीपीयूचा खरा वापर दिसतो. मेमरी पाहिजे तर हायफन आर.

जावाचे प्रोग्रॅम असतील तर सगळ्यांचं नाव नुसतं 'जावा' दिसतं. तिथं पीग्रेप (प्रोसेस शोधून पीआयडी देणारी कमांड) हायफन एफ वापरा, ते पूर्ण कमांड लाइन (प्रोग्रॅम सुरू करताना दिलेली अख्खी ओळ) तपासतं. पण ते वॉचमध्ये टाकलं तर यादीत खुद्द वॉचही येतं, तेवढं सोडून द्या.