अफवा आणि चौथा डाऊन

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की मिशिगन विद्यापीठाच्या टीमचं २०२३ चं टायटल काढून घेणार ही बातमी पक्की होती, पण ती अफवाच निघाली ना, ऑगस्ट २०२५ मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) विरोधी टीमचे इशारे चोरल्याच्या प्रकरणात निकाल दिला त्यात जबर दंड आणि तेव्हाचा हेड कोच हार्बॉ याच्यावर १० वर्षांचा शो-कॉज (म्हणजे कॉलेज कोचिंगवर जवळपास बंदी), विजय मात्र तसेच राहिले. आणि हार्बॉचा सहाय्यक शेरोन मूर घाबरट कोच होता असंही म्हणतात, ते तर अजिबात पटत नाही! हार्बॉ सस्पेंड असताना त्याच्या जागी मूर होता, आणि त्याने ओहायो स्टेटविरुद्ध चौथ्या डाऊनला (शेवटचा प्रयत्न, फसला तर बॉल विरोधी टीमकडे) गोल लाईनवर फील्ड गोलचे, म्हणजे किक मारून मिळणारे, सोपे ३ पॉइंट सोडून रनर कोरमकडे बॉल दिला, टचडाऊन (६ पॉइंट). मॅच ३०-२४ ने जिंकली. पेन स्टेटला सेकंड हाफमध्ये नुसतं रन करून (बॉल हातात घेऊन पळत) हरवलं तेही धाडसच, कारण फसलं असतं तर सगळे त्याच्यावरच तुटून पडले असते.