मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीचा जुना गोळ्यांचा साचा, ओळख, सफाई आणि शिसं ओतण्याबद्दल

बालाघाटी
नमस्कार मंडळी. आमचं गाव धारूरच्या बाजूला, डोंगरात. पणजोबांकडे निजामाच्या काळात ठासणीची बंदूक होती. ती कधीच सरकारजमा झाली, पण गोळ्या ओतायचा साचा माळवदाच्या खोलीत, सागवानी पेटीत तसाच राहिला. वाटणीत तो मी मागून घेतला. भंगारात जाऊ द्यायचा नव्हता.

साचा लोखंडी, सांडशीच्या घडणीचा. दोन पाती एका रिव्हेटवर फिरतात. मिटवली की मधे एकच गोल पोकळी आणि वर शिसं ओतायचं भोक. सांध्याजवळ धारेची खाच आहे, भोकात थिजलेलं शिसं तिथं कापत असतील. एका दांड्यावर इंग्रजीत १६ ठोकलंय. व्हर्नियरनं पोकळी १६.८ मिलिमीटर भरली, म्हणून एकजण म्हणतो आकडा मिलिमीटरचाच. मला पटत नाही, त्या काळच्या विलायती घडणीत मिलिमीटर कुठून येणार? घरातली म्हातारी माणसं मात्र ‘अडीच तोळ्याची गोळी’ म्हणायची.

बाहेरून तांबेरा चढलाय, आत राखाडी थर आहे. पेटीत तीन जुन्या गोळ्याही निघाल्या, त्यांच्यावर पांढरी भुकटी धरलीय. करडीचं तेल लावून ठेवू का?

दुसरं, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी शाळेत जुन्या वस्तू मांडणार आहोत. गुरुजींचा आग्रह आहे की पोरांसमोर एक गोळी ओतून दाखवावी. शेजारचे ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीतलं शिसं द्यायला तयार आहेत. जमेल का? कशात वितळवायचं?

तोडेदार
दादा, तुमच्या म्हाताऱ्यांचं बरोबर आहे. १६ म्हणजे एक पौंड शिशात सोळा गोळ्या. पौंड ४५३.६ ग्रॅमचा, म्हणजे एक गोळी २८.३५ ग्रॅम. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरा, अडीच तोळ्याच्या जवळच येतं. शिशाची घनता ११.३४ घेऊन गोळा काढला तर व्यास १६.८ मिलिमीटरच येतो. बारा बोअर, सोळा बोअर ही बंदुकीच्या मापाची नावं याच हिशेबातली. बारा बोअरची गोळी साधारण १८.५ मिलिमीटर, वीसची १५.६.

पण यावरून पणजोबांची बंदूक सोळा बोअरची होती असं लिहू नका. ठासणीच्या नळीत गोळी थोडी सैल लागते, भोवती कापड किंवा कागद येतो, शिवाय दारूची काजळी नळी अरुंद करते. इंग्रजी फौजेच्या ‘ब्राउन बेस’ या ठासणीच्या बंदुकीची नळी ०.७५ इंच आणि गोळी सुमारे ०.६९ इंच. म्हणजे साच्यावरचा आकडा गोळीचा, नळी त्याहून मोठी. पाटीवर ‘सोळा बोअरच्या गोळीचा साचा’ एवढंच लिहा.

ओतकामी
आमच्या घरात पिढ्यानपिढ्या ओतकाम आहे, म्हणून कळकळीनं सांगते. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर, वायर ब्रश, काहीही लावू नका. साच्याचा जीव दोन पात्यांच्या मिटणाऱ्या कडांत असतो. त्या कडा केसभर जरी गोल झाल्या तरी ओतताना फटीतून पापुद्रा सुटतो, गोळीला शिवण पडते. साचा कामाचा राहिला की नाही हे जाणकार तिथंच बघतो. मिटवून उजेडासमोर धरा, सांध्यातून उजेड दिसला नाही तर साचा उत्तम.

बाहेरच्या तांबेऱ्याला रॉकेल पाजा, रात्रभर ठेवा, मग जाड सुती कापडानं आणि बांबूच्या काडीनं हलकेच काढा. आतला राखाडी थर शिशाचाच असणार, तो खरवडू नका. करडीचं तेल तर मुळीच नको. ते हवेत सुकून चिकट साय धरतं आणि पुढं निघता निघत नाही. शिलाई मशीनचं तेल पुसटसं फिरवा.

रसायनवाले
गोळ्यांवरची भुकटी शिशाचं कार्बोनेट असणार. लाकडातून आम्लाची वाफ सुटते, बंद पेटीत शिसं तिनं खराब होतं. भुकटी विषारी आहे. हातमोजे घालून गोळ्या झाकणाच्या प्लास्टिक डबीत ठेवा. ब्रशनं झाडू नका, धूळ उडेल.

ओतून दाखवायचं मात्र सोडून द्या. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे विनापरवाना दारूगोळा बनवायला मनाई आहे आणि व्याख्येत त्याचे भागही येतात. शाळेत तर नकोच. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी वाफ होऊन शिसं उसळतं. वर जमणारी मळी आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक. बॅटरीचं शिसं सगळ्यात वाईट. त्यात आम्ल मुरलेलं असतं आणि अँटिमनी, आर्सेनिकसारखे घटक असतात, विषारी वायू निघू शकतो. साचा आणि तीन गोळ्या मांडण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या.

बालाघाटी
सगळ्यांचे मनापासून आभार. अडीच तोळ्याचा हिशेब वाचून आजीला फोन केला, ती फार हरखली. ओतणं रद्द, बॅटरी परत. पत्र उद्याच देतो. पण साचा नुसता पडून राहिला तर पोरांना काय कळणार? दुसरं काही ओतता येईल का? प्लास्टर?

ओतकामी
प्लास्टरमधलं पाणी लोखंडाला खाईल. मधमाशीचं मेण घ्या. भांडं उकळत्या पाण्यात ठेवून मेण वितळवा, साच्याला आतून तेलाचं बोट फिरवा, साचा उन्हात कोमट करा आणि भोकातून सावकाश ओता. मेण थिजताना आकसतं, भोकात खड्डा पडेल तसं वरून थोडं थोडं घालत राहा. पुरतं गार झाल्यावरच पाती उघडा. वरचं शेपूट त्याच खाचेत कापून दाखवता येईल. गोळी मापाला जराशी लहान भरेल, तेवढं पाटीवर लिहा.