जनुकीय चाचणी आणि आयुर्विमा: फ्लोरिडाचा कायदा बाकीच्या राज्यांत हवा का?

मीनल_एडिसन
ओहायोतल्या माझ्या मावसबहिणीच्या आईला, म्हणजे माझ्या मावशीला, बीआरसीए१ जनुकातला दोष निघाला. हा दोष असलेल्या निम्म्याहून अधिक बायकांना कधी ना कधी स्तनाचा कर्करोग होतो. आपल्यातही तो आहे हे वेळेत कळलं तर दरवर्षी एमआरआय करून घेता येतो, शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. तरीही बहीण चाचणी पुढे ढकलतेय. तिच्या समुपदेशकानेच तिला सांगितलं, आधी आयुर्विमा काढून घ्या, मग चाचणीचं बघू. जीव वाचवणारी माहिती विम्याच्या भीतीने कुणी टाळावी, हे मला असह्य होतं.

जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या २००८च्या केंद्रीय कायद्याने, म्हणजे जिनाने, हा प्रश्न मिटला, असं इथल्या बऱ्याच मराठी घरांत समजतात. तो कायदा फक्त आरोग्यविमा आणि नोकरीपुरता आहे. आयुर्विमा, अपंगत्वाचा विमा आणि म्हातारपणी दीर्घकाळ लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा, हे तिन्ही त्याच्या कक्षेबाहेर. पंधरापेक्षा कमी माणसं असलेल्या कंपन्याही बाहेर. विम्याचं नियमन १९४५च्या केंद्रीय कायद्याने राज्यांच्याच हाती ठेवलं आहे, त्यामुळे ही फट बुजवायची तर राज्यांनीच. फ्लोरिडाने २०२० मध्ये ती बरीचशी बुजवली: आजाराचं निदान झालेलं नसेल, तर नुसत्या जनुकीय माहितीवरून आयुर्विमा नाकारायचा नाही, हप्ताही वाढवायचा नाही. हाच नियम सगळ्या राज्यांनी करावा असं माझं ठाम मत आहे.

हार्टफर्डकर
मी ॲक्च्युअरी, म्हणजे विम्यातला धोका आणि हप्ता यांचं गणित मांडणारा आहे, त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून टाकतो. मला हा कायदा पटत नाही.

आरोग्यविमा ही गरज आहे, तिथे जिना हवाच. आयुर्विम्याचं तसं नाही. तो घ्यायचा की नाही आणि किती रकमेचा, हे घेणारा ठरवतो. आपल्याला मोठा धोका आहे हे त्याला ठाऊक असेल आणि कंपनीने विचारायचंच नसेल, तर तो दुप्पट रकमेची पॉलिसी घेईल. ही नुसती भीती नाही. २००५ मध्ये अल्झायमरशी संबंधित एपीओई जनुकाबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यात धोक्याचा प्रकार आहे हे ज्यांना कळलं, त्यांच्यात शुश्रूषा विम्यात बदल करण्याचं प्रमाण इतरांच्या पाचपटीहून जास्त निघालं. त्या विम्यातून कित्येक कंपन्या आधीच बाहेर पडल्या आहेत आणि उरलेल्यांचे हप्ते वृद्धांना झेपेनासे झालेत.

शिवाय कुटुंबात कुणाला काय आजार झाला हे विचारायला फ्लोरिडातही मुभा आहे. आईच्या कर्करोगामुळे मुलींचा हप्ता वाढू शकतो, पण आईतला दोष मुलीत न येण्याची शक्यता निम्मी असते. अशा मुलीला तिचा अहवालच वाचवेल. तो बघायचाच नाही असा कायदा तिच्या काय कामाचा?

मीनल_एडिसन
त्याच अभ्यासाचं दुसरं निरीक्षण तुम्ही सोडलंत. त्या लोकांनी आयुर्विम्यात लक्षणीय बदल केला नव्हता. मग शुश्रूषा विम्याचा आकडा आयुर्विम्याला कसा लावता?

कॅनडाने २०१७ मध्ये कुठल्याही करारासाठी जनुकीय चाचणी किंवा तिचा अहवाल सक्तीने मागणं गुन्हा ठरवलं, २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. तिथे लोक आजही आयुर्विमा काढतात. दोष नसलेल्या मुलीचा तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. तिला स्वतःहून अहवाल दाखवायचा असेल तर दाखवू द्यावा. कंपनीने मागायचा नाही, एवढंच.

धूळमापक
तुम्ही दोघं विम्यावरच थांबलात. माझं काम कारखान्यांतल्या हवेतले विषारी कण मोजण्याचं, म्हणून मला हा विषय वेगळा दिसतो.

बेरिलियमची धूळ श्वासातून गेली की काही कामगारांना फुप्फुसाचा बरा न होणारा आजार जडतो. एचएलए-डीपीबी१ या जनुकाचा विशिष्ट प्रकार असेल तर धोका आणखी वाढतो. आता मालकाने काय करायचं? धूळ कमी करायची की तो जनुक असलेली माणसं वगळायची? दुसरा मार्ग स्वस्त पडतो. २०१७ मध्ये ओशाने, म्हणजे कामगारांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने, हवेतल्या बेरिलियमची मर्यादा घनमीटरला २ मायक्रोग्रॅमवरून ०.२ वर आणली, तेव्हा कुठे धुळीचा बंदोबस्त करणं भाग पडलं.

मालक असं करत नाहीत, असं म्हणू नका. मनगटाची नस दबल्याची तक्रार करणाऱ्या कामगारांच्या रक्ताची बर्लिंग्टन नॉर्दर्न रेल्वेने त्यांना न सांगता जनुकीय तपासणी केली. हे २००१ मध्ये उघड झालं आणि पुढच्या वर्षी कंपनीने २२ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मिनेसोटात १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीफास (सहज न विघटणारी रसायनं) घातलेली स्वयंपाकाची भांडी विकता येत नाहीत. तिथे कायद्याने रसायनाला धरलं, कुणाच्या शरीरात ते किती मुरतं याची चौकशी केली नाही. मला तीच दिशा बरोबर वाटते. जनुकांची गोपनीयता राखली नाही, तर विषाची जबाबदारी विष सोसणाऱ्यावर ढकलली जाते.

बे_एरियावासी
धूळमापकांशी सहमत, पण राज्याराज्याने कायदे करून भागेल यावर माझा विश्वास नाही. थुंकीच्या नमुन्यावरून जनुकीय चाचणी करणाऱ्या ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्याकडे सुमारे दीड कोटी लोकांची माहिती होती. कॅलिफोर्नियाचा २०२२ पासून लागू झालेला कायदा आम्हाला माहिती पुसून घेण्याचा आणि नमुना नष्ट करायला लावण्याचा हक्क देतो. माझा भाऊ ज्या राज्यात राहतो तिथे असा कायदा नाही, आणि त्याने थुंकी पाठवली की माझीही अर्धी कहाणी त्यात गेली. रक्ताचं नातं राज्याची सीमा ओळखत नाही. कायदा केंद्राचाच हवा.

मीनल_एडिसन
केंद्राची वाट बघायची तर जिनाचाच इतिहास आठवा. पहिलं विधेयक १९९५ मध्ये आलं, सही झाली २००८ मध्ये. मधल्या काळात राज्यांनीच लोकांना आधार दिला.

पुण्याचा_डॉक्टर
दुरून एक भर घालतो. एमवायबीपीसी३ या जनुकातला, डीएनएची २५ अक्षरं गळालेला एक प्रकार दक्षिण आशियाई लोकांपैकी सुमारे ४ टक्के जणांत सापडतो, आणि त्याचा संबंध हृदयाच्या स्नायूंच्या आजाराशी आहे. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. पण उद्या एखाद्या विमा कंपनीने हप्ता ठरवताना तो धरला, तर अमेरिकेतल्या किती मराठी घरांना फटका बसेल याचा विचार करा. हार्टफर्डकर, तुमच्या गणितात हा धोका कुणाच्या खात्यात जातो?

हार्टफर्डकर
डॉक्टर, प्रश्न नेमका आहे. आजार होईलच याची खात्री नसताना असा प्रकार हप्त्यात धरायला माझाही विरोध आहे. मला मान्य होईल तो ब्रिटनमधला करार. तिथे फक्त हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या चाचणीबद्दल विचारता येतं, तेही आयुर्विमा ५ लाख पौंडांहून अधिक असेल तरच. बाकी कुठलाही भाकीत करणारा अहवाल मागायचा नाही. सरसकट बंदीला माझा विरोध कायम आहे.

मीनल_एडिसन
मर्यादा मला चालेल. पण ती विमा कंपन्यांशी केलेल्या करारात नको, विधिमंडळाने केलेल्या कायद्यात हवी, आणि वाढवायची-कमी करायची तर तिथेच मतदान होऊन. करार मोडला म्हणून सामान्य माणूस न्यायालयात कसा जाणार?

हार्टफर्डकर
इथे आपलं जुळणार नाही. विज्ञान दर दोन वर्षांनी बदलतं, विधिमंडळ तेवढ्या वेगाने हलत नाही. रकमेची मर्यादा कायद्यात घाला, आजारांची यादी राज्याच्या विमा आयुक्ताकडे सोपवा. त्यापुढे मी येणार नाही.