रॅकच्या खोलीला एसी कशाला?

पॅचकॉर्ड
दर एप्रिलला हाच तमाशा. अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत ऑफिसवाले रॅकच्या, म्हणजे नेटवर्कची यंत्रं ठेवायच्या कपाटाच्या, खोलीसाठी नवा एसी मागवतात. माझ्या मते चार-पाच नेटवर्क स्विचच्या (कॉम्प्युटर, कॅमेरे एकमेकांना जोडणारी यंत्रं) खोलीला एसी म्हणजे शुद्ध उधळपट्टी. डेटाशीट उघडा. ऑफिसात वापरतात ते बहुतेक स्विच ४० ते ४५ अंशांपर्यंत चालतात, असं कंपनीच लिहून देते. अ‍ॅश्रे ही संस्था डेटा सेंटरसाठी १८ ते २७ अंशांची शिफारस करते, पण तिच्याच ए४ वर्गातल्या यंत्रांना ४५ अंशांपर्यंतची हवा चालते. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास छापला. त्यातही तापमानाचा बिघाडाशी वाटतो तितका संबंध निघाला नाही. चांगला एक्झॉस्ट फॅन बसवा, विषय संपला.

रॅक_नागपूर
काहून भाऊ, ४५ अंश कुठले? खोलीतले नाहीत, स्विच जी हवा आत ओढतो तिचे. भिंतीवर टांगलेल्या, काचेचं दार लावलेल्या छोट्या रॅकमध्ये ती हवा खोलीपेक्षा सहज आठ-दहा अंश गरम असते. आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा ४५ ला टेकतो. एक्झॉस्ट लावला की तीच हवा फटीतून आत येणार ना? त्यात पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणं. ३७० वॅटचा स्विच कॅमेऱ्यांनी भरला की वीज जाते कॅमेऱ्यांकडे, पण रूपांतरात वाया जाणारी दहाएक टक्के उष्णता स्विचच्या पोटातच राहते.

सोल्डरवाला
हार्ड डिस्कचा दाखला इथे चालणार नाही. स्विच मरतो तो बऱ्याचदा पॉवर सप्लायमुळे, आणि सप्लाय मरतो इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमुळे, म्हणजे आतल्या वीज साठवणाऱ्या डबीसारख्या सुट्या भागामुळे. दुरुस्तीला आलेला स्विच खोला, कपॅसिटरची टोपी फुगलेली दिसते. हिशेब ठोकळ आहे: तापमान १० अंशांनी उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर ६५ ला ३२,००० तास काढतो, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. ७५ ला १६,०००, दोन वर्षंही नाहीत. डेटाशीटमधल्या ४५ मध्ये हे कुठे लिहिलंय?

पॅचकॉर्ड
तो हिशेब स्वस्तातल्या मालाचा. बऱ्या सप्लायमध्ये ५००० तासांचे कपॅसिटर असतात, पॉलिमरचेही असतात. बरं, वीज गेल्यावर काय? एसी बंद, स्विच मात्र यूपीएसवर सुरूच. एसीसाठी फटी बुजवलेली खोली तेव्हा उघड्या खिडकीच्या खोलीपेक्षा झपाट्याने तापते. हे एसी विकणारा सांगत नाही.

रॅक_नागपूर
हे मान्य. म्हणून एक पंखा इन्व्हर्टरवर घ्यायचा. तेवढ्यासाठी एसीच नको हे कुठलं लॉजिक?

खाडीकाठ
तुमचं विदर्भापुरतं ठीक आहे. आम्ही रत्नागिरीकर. पारा तुमच्याइतका चढत नाही, तरी स्विच जातात. खाऱ्या हवेने पोर्टच्या पिनांवर हिरवट थर चढतो. संध्याकाळी एसी बंद करून कोणी खिडकी उघडली की पॅच पॅनेलच्या (रॅकमधली केबल जोडायची पट्टी) गार पत्र्यावर पाणी धरतं, बंद पडून असलेल्या स्पेअर स्विचवरसुद्धा. इथे एक्झॉस्ट लावला तर तो मीठच आत आणेल.

सोल्डरवाला
भांडण्याआधी स्विचलाच विचारा की. मॅनेज्ड स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून सेटिंग करता येणाऱ्या स्विचमध्ये, बहुधा तापमानाचा सेन्सर असतो. एसएनएमपीने (यंत्राची माहिती नेटवर्कवरून वाचायची पद्धत) दर पाच मिनिटांनी वाचा, आलेख काढा. तो आकडा आतला असतो, हवेचा नाही, त्यामुळे ५५ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पहाटेच्या आणि दुपारी तीनच्या आकड्यात किती फरक पडतो ते बघा. बाहेरचं हवामान तेच असून आकडा आठवड्यागणिक चढत असेल, तर पंख्याचं बेअरिंग किंवा धूळ.

पॅचकॉर्ड
आलेखाला कोण नाही म्हणतंय? पण त्याआधी रॅकचं काचेचं दार काढून माळ्यावर टाका. फुकटात होणारं काम आहे.

रॅक_नागपूर
आणि मग धूळ आणि उंदीर? जाळीचं दार मिळतं, ते लावा. एसी २७ वर ठेवा, १८ वर नको. बिलाची बोंब तिथूनच सुरू होते.