हलगीचा लूप फुकट वाटायचा हक्क कुणाचा?

वेरूळचा_पिक्सेल (छत्रपती संभाजीनगर)
आम्ही काही जण मिळून गेम बनवणाऱ्यांसाठी एक फुकट पॅक तयार करतोय. चित्रांत काळी जमीन, कापसाचं शेत, ज्वारीची कणसं, बैलगाडी, देवगिरीच्या तटाचे दगड, लेण्यांतले खांब, पैठणीच्या काठावरचे मोर. आवाजांत हलगीचा लूप (पुन्हा पुन्हा फिरत वाजणारा छोटा तुकडा), संबळ, तुणतुणं, एसटी स्टँडवरचा गलका. काम होत आलंय, घोडं अडलंय लायसन्सवर.

माझं मत: सगळं सीसी झीरो करून टाका, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेच्या तयार मजकुरानं सगळे हक्क सोडून द्या. वापरा, बदला, विका, नाव द्या किंवा देऊ नका.

गटातल्या दोघांना 'नॉन-कमर्शियल' हवंय. त्या लायसन्समध्ये व्यापारी फायदा किंवा पैसा हा ज्याचा मुख्य हेतू आहे, असा वापर चालत नाही. आता जालन्याच्या एखाद्या पोरानं गेम फुकट ठेवला आणि खाली जाहिरातीची एक पट्टी लावली, तर तो कशात बसतो? त्याला कळणार नाही, आपल्यालाही सांगता येणार नाही. तो आपला पॅक सोडून दुसरा उचलेल. ओपनगेमआर्ट या गेमची फुकट चित्रं-आवाज वाटणाऱ्या साइटवर तर एनसी (नॉन-कमर्शियल) आणि एनडी (बदल करायला मनाई) घेतच नाहीत. उलट केनी नावाचा एक जण गेमची चित्रं-आवाज फुकट वाटतो, त्याचे पॅक बघा. सगळे सीसी झीरो, आणि गेम बनवायला शिकणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी तिथं जातोच, कारण डोक्याला ताप नाही.

नाव देण्याची अट ऐकायला सोपी आहे. पण एका गेममध्ये वीस ठिकाणच्या फायली येतात, त्यांची नावं बदलतात, तुकडे होतात. कोणती कुणाची, हे गेम संपेपर्यंत सांभाळणं हे वेगळंच काम होऊन बसतं. आणि आपण अटी घालत बसलो, तर गेममधलं भारतीय गाव म्हणजे वाळू, उंट आणि नारळाची झाडं, हे असंच चालू राहणार.

हलगीचा_ठेका (अंबाजोगाई)
चित्रांचं तुमचं तुम्ही बघा, ती तुम्ही काढलीत. हलगी तुम्ही वाजवलीत का?

कायद्यात रेकॉर्डिंगचा कर्ता म्हणजे ते करवून घेणारा निर्माता, म्हणजे समजा तुम्ही. पण वाजवणाऱ्याचा हक्क त्याहून वेगळा आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ आणि २०१२च्या दुरुस्तीनं आलेली ३८अ, ३८ब बघा. सादरीकरण ज्या वर्षी झालं, त्याच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं तो हक्क कलाकाराकडे असतो. त्याचं नाव सांगितलं जाणं आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड न होणं, हे दोन हक्क तर त्यानं बाकीचे देऊन टाकले तरी त्याच्याकडेच राहतात.

गोंधळ्याचं रेकॉर्डिंग असेल तर आणखी एक पदर. पद परंपरेनं आलेलं असेल तर त्यावर कुणाची मालकी नाही. पण त्यानं स्वतः रचलेलं असेल, तर शब्द आणि चाल दोन्ही त्याची. विचारलं होतं का?

वेरूळचा_पिक्सेल
विचारलं होतं. नुसतं विचारलं नाही, मानधन दिलं आणि 'रेकॉर्डिंग वापरायला हरकत नाही' अशी सहीसुद्धा घेतली. आता आणखी काय हवं? बिदागी दिल्यावर पुन्हा हक्काची भाषा म्हणजे जरा जास्तच होतंय.

कायद्याचं_बोलू (लातूर)
त्या एका ओळीनं फार काही होत नाही. हक्क सोपवायचा तर कलम १९प्रमाणे लेखी पाहिजे आणि त्यात मुदत, प्रदेश, मोबदला लिहिलेला पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि ३९अ कलमानं हे सगळं वादकाच्या हक्कालाही लागू केलंय. 'हरकत नाही' म्हणजे सोपवणं धरलं नाही, नुसती परवानगी धरली, तरी मुदत-प्रदेशाचे हेच नियम थोड्या फरकानं लागतात. तुम्ही सीसी झीरो लावणार म्हणजे जगभर आणि कायमचं देणार. हातात आहे ५ वर्षं आणि भारत, वाटताय त्याच्या कितीतरी पट.

सीसीचं कोणतंही लायसन्स एकदा दिलं की मागे घेता येत नाही, म्हणून कागद आधी आणि अपलोड नंतर.

आता सीसी झीरोबद्दल. 'भारतात ते चालत नाही' असं बरेच जण ठोकून देतात, ते पूर्ण खरं नाही. कलम २१ प्रमाणे कर्ता रजिस्ट्रारला नोटीस देऊन किंवा जाहीर सूचनेनं आपला कॉपीराइट सोडू शकतो. सीसी झीरोतही अशी तजवीज आहे की एखाद्या देशात हक्क सोडणं पूर्ण लागू झालं नाही, तर तोच मजकूर विनाअट परवाना म्हणून धरायचा. मात्र कलम ५७ खालचे कर्त्याचे विशेष हक्क, म्हणजे ही कृती माझी आहे असं सांगणं आणि तिच्या विद्रूपीकरणाला हरकत घेणं, भारतात कितपत सोडता येतात यावर वाद आहे.

आगाऊ_पाटील (बीड)
लई झालं राव. फुकट द्यायलेत बिचारे, आन् तुम्ही कलमं मोजायलात. कोन येनार हाय वकील घेऊन हलगीच्या दहा सेकंदासाठी? टाका नेटवर, ज्याला पायजे तो घेईल.

नांदेडची_गेमकरीण (नांदेड)
पाटील, वकील येत नाही, मशीन येतं. फुकट म्हणून मिळालेला एक लूप मी माझ्या गेमच्या ट्रेलरला वापरला होता. दुसऱ्या कुणीतरी तोच लूप आपल्या गाण्यात घातला आणि ते गाणं व्हिडिओ साइटच्या आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवलं. दावा आला माझ्यावर. लूप मूळ कुणाचा, कोणत्या लायसन्सवर, कधी टाकलेला, हे एका पानावर नीट लिहिलेलं होतं म्हणून निस्तरलं. 'टाका नेटवर' म्हणता, त्या ढिगातून उचललेल्या फायलीला असं पान नसतं. तेव्हा पिक्सेलदादा, लायसन्स कोणतंही लावा, पण प्रत्येक फायलीला कर्ता, मूळ पत्ता आणि लायसन्स लिहिलेली मजकूर-फाइल जोडा. सीसी झीरोलासुद्धा.

कोरडवाहू_कोडर (परभणी)
मी याच गटातला, बैलगाडी आणि शेताच्या टाइल्स (जोडून गेमचं दृश्य होतं ते चौकोनी तुकडे) माझ्या आहेत, म्हणून बोलायलो.

सीसी झीरो केलं की उद्या कुणीतरी आख्खा पॅक उचलतो, रंग बदलतो आणि 'इंडियन व्हिलेज' म्हणून स्टोअरवर विकायला ठेवतो. त्याच्यावर बोलायची सोयच नाही. विकू दे, माझी ना नाही. पण त्यानं त्यात जी भर घातली, ती तरी परत सगळ्यांना मिळावी. म्हणून सीसी बाय-एसए: नाव द्या (बाय) आणि बदललेलं त्याच लायसन्सवर द्या (एसए, म्हणजे शेअरअलाइक).

२०१२ला लिबरेटेड पिक्सेल कप ही गेम आणि गेमची चित्रं बनवायची स्पर्धा झाली. क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि ओपनगेमआर्ट मिळून. त्यातली माणसांची चित्रं बाय-एसए आणि जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स) अशा दोन लायसन्सवर होती. नंतर लोकांनी त्यांना कपडे, केस, हत्यारं, नवनव्या हालचाली काढल्या, आणि मूळच्या अटीमुळे ती भर त्याच लायसन्सवर बाहेर आली. झिरो एडी या गेमचं आर्टपण बाय-एसए आहे. सगळं सोडून दिलं असतं तर एवढा साठा एका जागी झाला असता का?

वेरूळचा_पिक्सेल
केनीचा साठा झालाच ना, शेअरअलाइक नसताना.

कोरडवाहू_कोडर
तो एका हाताचा साठा आहे भाऊ. देणारा तोच, वाढवणारा तोच. मी अनेक हातांचं बोलायलो.

नांदेडची_गेमकरीण
कोडरदादा, मुद्दा पटतो, पण वापरणाऱ्याच्या बाजूनं बघा. पहिला प्रश्न हाच येतो: एसए टाइल घेतली तर माझा कोडपण उघडा करायचा का? बहुतेक जाणकारांचं उत्तर 'नाही'. चित्र बदललं तर बदललेलं चित्र त्याच लायसन्सवर द्यायचं, कोड ही वेगळी कृती. पण हे ठासून सांगणारा निकाल मी तरी दाखवू शकत नाही, आणि एवढ्या शंकेवर माणूस पॅक सोडून देतो.

आवाजाचं त्याहून अवघड. सीसीच्या मजकुरातच लिहिलंय की संगीत हलत्या चित्राशी वेळ जुळवून लावलं, की ते रूपांतर धरायचं. म्हणजे एसए हलगी कटसीनला (गेमच्या मध्ये येणाऱ्या चित्रफितीला) लावली की तो कटसीन एसए. मागे नुसती घुमत राहणारी हलगी यात बसते का? यावर एकमत नाही.

आणि फोनवरच्या स्टोअरची भानगड वेगळीच. सीसीच्या लायसन्सांत कुलूप लावायला मनाई आहे, म्हणजे दिलेले हक्क अडतील असं तांत्रिक बंधन घालता येत नाही. स्टोअरनं गेमला असं बंधन लावलं तर? या काळजीपायीच ओपनगेमआर्टनं ओजीए-बाय काढलं: सीसी बायसारखंच, फक्त ते कलम वगळलेलं. गेमच्या चित्रांना मला तेच बरं वाटतं. नाव द्या नि पुढं चला.

हलगीचा_ठेका
नावाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. पिक्सेल म्हणतात क्रेडिट सांभाळणं हे वेगळंच काम होऊन बसतं. तुमच्यासाठी असेल. हलगीवाल्याचं नाव आजवर कोणत्या लग्नपत्रिकेत छापलंय? वरातीत पुढं तोच, मिरवणुकीत पुढं तोच, दवंडीला तोच. बँडचं नाव बोर्डावर असतं, याला 'ए हलगी' म्हणून हाक मारतात. आता जगभर जाणारी फाइल बनते आहे, तिथंही तुम्ही नाव ऐच्छिक करणार. नाव लिहायला एक ओळ लागते. तेवढी ओळ लिहायचा कंटाळा असणारा गेमवाला आपल्याला नसला तरी चालेल.

सीसी बाय ४.०मध्ये कर्त्याशिवाय 'ज्यांना श्रेय द्यायचं ठरवलं आहे' अशा इतरांची नावंही सांगता येतात. म्हणजे निर्माता तुम्ही असलात तरी वादकाचं नाव देणं बंधनकारक करता येतं. आणखी एक. उद्या संबळ कुणी जुगाराच्या गेममध्ये लावला, तर बायखाली वापर थांबवता येत नाही हे खरं, पण 'आमचं नाव काढा' म्हणता येतं आणि शक्य तितपत त्याला ते काढावं लागतं. देवीपुढं वाजवणाऱ्या माणसासाठी ही बारीक गोष्ट नाही. सीसी झीरोत हेही नाही.

वेरूळचा_पिक्सेल
संबळ जुगाराच्या गेममध्ये जाईल ही भीती धरून बसलो तर काहीच वाटता येणार नाही. पण नावाचा मुद्दा घेतो. आवाजांना सीसी बाय ४.०, वादकाचं नाव आणि गाव सक्तीचं. कागद नवा करतो: कायमचा, जगभर, बदल आणि विक्री चालेल, मोबदला किती, सगळं मराठीत. एक प्रत त्यांच्याकडे. चित्रं मात्र सीसी झीरोच.

हलगीचा_ठेका
कागद नुसता देऊ नका, वाचून दाखवा. 'विक्री' म्हणजे जाहिरातीत, दारूच्या दुकानाच्या रीलमध्ये, कुठंही, हे तोंडानं सांगा. ऐकून तो नाही म्हणाला, तर ती फाइल काढायची तयारी ठेवा. आणि नवा कागद म्हणजे नवा मोबदला. जुन्या बिदागीत हे बसलेलं नव्हतं.

कायद्याचं_बोलू
चित्रांकडेही एकदा बघा, 'आम्ही काढली' एवढ्यावर सोडू नका. कैलास लेणं ८व्या शतकातलं, त्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. पण त्याच्या फोटोवर आहे: फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. तिथं जाऊन खांब बघून काढला असेल तर बिनधास्त. पर्यटनाच्या पुस्तकातला फोटो खाली ठेवून गिरवला असेल, तर तो सीसी झीरो करायचा अधिकार तुम्हाला नाही. खांबाची कल्पना कुणाची नसते, त्या फोटोतला कोन आणि उजेड कुणाचा तरी असतो. पैठणीचा मोर परंपरेतला आहे, तो काढा. एखाद्या विणकरानं किंवा डिझायनरनं नव्यानं रचलेला काठ जसाच्या तसा उतरवू नका.

आणि गटात कुणी स्टुडिओत नोकरीला असेल तर विचारा, चित्र कामाचा भाग म्हणून काढलं होतं का. तसं असेल आणि करारात वेगळं काही नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक कंपनी. विद्यार्थ्यांचं तसं नाही, ते कॉलेजचे नोकर नव्हेत.

आगाऊ_पाटील
म्हंजे पॅक दिवाळीपर्यंत येत नाही, असं समजायचं का?

वेरूळचा_पिक्सेल
खांब सगळे मी जागेवर बसून काढलेत, स्केचवही आहे. देवगिरीचे दगड कुणी कशावरून काढले ते विचारतो.

कोरडवाहू_कोडर
माझं राहिलंच. चित्रं सीसी झीरो, हे तू ठरवलंस, गटानं नाही. टाइल्स माझ्या आहेत, त्यांचं लायसन्स मी ठरवणार. बैलगाडी, शेत, कणसं, विहीर झीरोच्या फोल्डरमधून काढ. मी त्या बाय-एसएवर वेगळ्या टाकतो.

वेरूळचा_पिक्सेल
शेत आणि बैलगाडी काढली तर पॅकमध्ये राहतं काय? लेणी आणि मोर. तोच तो पर्यटनाचा मराठवाडा. ओजीए-बायवर तयार आहेस का? नांदेडच्या ताई म्हणतात तसं. चित्रं सगळी तीच करू, मी झीरो सोडतो.

कोरडवाहू_कोडर
त्यात भर परत मिळत नाही, मूळ तक्रार तशीच राहते. दोन्ही लावू: बाय-एसए किंवा ओजीए-बाय, घेणाऱ्यानं निवडावं?

नांदेडची_गेमकरीण
दोन्ही लावलं तर सगळे ओजीए-बायच निवडणार, एसए शोभेला राहील. तुम्ही दोघं फोनवर बोला. तोवर विहिरीची टाइल मला पाठवा, पाणी हलताना कडेला शिवण दिसतेय.