व्हेरिएबल रिकामं आहे का, हे किती वेळा विचारायचं?

वायरमन
दुसऱ्याने बांधलेला एक फ्लो निस्तरायला आलाय. पॉवर ऑटोमेटमधला (कामं आपोआप करून घ्यायचं मायक्रोसॉफ्टचं साधन), रजेच्या अर्जांचा. ४१ पायऱ्या, त्यात १७ कंडिशन, आणि बहुतेकींचा प्रश्न एकच: मंजुरी देणाऱ्याचा ईमेल रिकामा आहे का? अर्ज आल्याआल्या विचारलंय, मंजुरीला पाठवण्याआधी विचारलंय, स्मरणपत्राआधी परत विचारलंय. आणि उत्तर 'हो' आलं तर? काही नाही. 'हो'ची फांदी मोकळीच आहे. अर्ज तिथून गुपचूप खाली घसरतो आणि फ्लो हिरवी खूण मिरवत संपतो.

माझं म्हणणं असं: दारात एकदाच काय ते तपासा. ईमेल नसेल तर फ्लो तिथेच थांबवा, म्हणजे टर्मिनेट, स्टेटस 'फेल्ड'. आत घेतल्यावर पायरीपायरीला ओळखपत्र मागू नका.

रात्रपाळी
असहमत. फ्लो दोन मिनिटांत संपणारा असेल तर ठीक. मंजुरीचा फ्लो अख्खा आठवडा थांबून राहतो. पॉवर ऑटोमेटमध्ये फ्लोची एक फेरी, म्हणजे रन, ३० दिवसांपर्यंत चालू शकतो. तेवढ्यात मंजुरी देणारा नोकरी सोडून गेला, खातं बंद झालं, आणि तुम्ही मधल्या पायरीत त्याची माहिती पुन्हा मागवलीत तर हातात नल, म्हणजे 'इथे काहीच नाही' ही खूण, येतो. दारातली तपासणी तेव्हा काय कामाची?

वायरमन
पुन्हा मागवली म्हणजे ते नवं दार झालं. तिथे तपासा की, माझी ना नाही. माझा राग आहे तो न बदललेल्या व्हेरिएबलला (किंमत साठवायच्या नावाच्या खणाला) सतरा वेळा तेच विचारण्यावर.

तर्कट
किती वेळा विचारायचं हे नंतर बघू. आधी विचारताय काय, ते तरी ठरवा. 'रिकामं' ही एक गोष्ट नाही.

एनएटएन या तशाच दुसऱ्या साधनातलं माझंच उदाहरण. बिलावरची सवलत यायची, नसेल तर १० टक्के धरायची. मी जावास्क्रिप्टच्या सवयीने दोन उभ्या रेघांचा 'किंवा' लावला. एका बिलावर सवलत खरोखरच ० होती, मुद्दाम दिलेली. जावास्क्रिप्टच्या लेखी ० म्हणजे खोटं, मग उजवीकडचे १० उचलले गेले. महिनाभर शून्यवाल्या प्रत्येकाला १० टक्के सूट! तिथे हवं होतं दुहेरी प्रश्नचिन्ह, जे फक्त नल आणि अनडिफाइन्ड (किंमत कधी दिलीच नाही) यांनाच रिकामं मानतं. शून्य ही किंमत आहे हो, किंमत नसणं नव्हे.

पॉवर ऑटोमेटमध्ये उलटी गंमत. एम्प्टी हे फंक्शन मजकूर, ॲरे (यादी) किंवा ऑब्जेक्टला (नाव-किंमत जोड्यांचा गठ्ठा) चालतं; पूर्णांक दिलात तर फ्लोच आपटतो. आणि नुसती एक स्पेस असलेला मजकूर त्याला भरलेला वाटतो. कडेच्या स्पेस छाटणारं ट्रिम लावावं तर ट्रिमला नल चालत नाही. म्हणून आधी कोअलेसने नलच्या जागी रिकामा मजकूर, मग ट्रिम, मग एम्प्टी. हा क्रम चुकला की तपासणीच फ्लो पाडते.

जुनं खोड
यात डेटाबेसची भर. ऑरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग ठेवलीत की ती नल होऊनच परत येते. 'रिकाम्या मजकुराशी बरोबर आहे का' असं विचारणारी कंडिशन जन्मात खरी होत नाही. आणि काही फॉर्म नलच्या ऐवजी 'नल' हाच चार अक्षरी इंग्रजी शब्द मजकूर म्हणून पाठवतात. त्याला कुठलीच तपासणी अडवत नाही. 'नमस्कार नल' अशी पत्रं गेलेली या डोळ्यांनी पाहिलीत.

कॅमुंडा ७ या प्रक्रिया चालवणाऱ्या साधनात तर व्हेरिएबल असून त्यात नल असणं आणि व्हेरिएबलच नसणं या दोन निराळ्या भानगडी. न बनलेलं नाव एक्स्प्रेशनमध्ये वापरलंत की गेटवेवर, म्हणजे वाटा फुटतात तिथे, सरळ एरर. त्यासाठी आधी हॅजव्हेरिएबल विचारावं लागतं. गेटव्हेरिएबल दोन्ही वेळा नलच देणार, त्यावरून फरक कळत नाही.

रात्रपाळी
तुम्ही सगळे रिकाम्याच्या मागे लागलात. मला छळलंय भरलेल्याने.

पॉवर ऑटोमेटमध्ये व्हेरिएबल लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या फेऱ्यांच्या) आत इनिशिअलाइज, म्हणजे नव्याने तयार, करता येत नाही, ते वर एकदाच होतं. आत फक्त सेट. माझ्या लूपमध्ये यादीतल्या प्रत्येकाचा पर्यवेक्षक शोधायचा होता. पहिल्याचा सापडला, सेट झाला. दुसऱ्याला पर्यवेक्षकच नव्हता, म्हणून सेटची पायरी वगळली गेली. व्हेरिएबलमध्ये कोण? पहिल्याचाच पर्यवेक्षक, ठाण मांडून. पुढच्या कंडिशनने विचारलं, रिकामं आहे का? नाही. जाऊ द्या. दुसऱ्याची सगळी माहिती भलत्याच माणसाच्या टपालात. त्यावर लूपची कन्करन्सी (अनेक फेऱ्या एकाच वेळी) चालू असेल तर कुणाचं कुणाला जाईल याचा भरवसाच नाही.

आता प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला व्हेरिएबल रिकामं करतो, आणि जमेल तिथे व्हेरिएबल न वापरता कंपोझ (किंमत त्या फेरीपुरतीच धरणारी पायरी) वापरतो. वायरमनभाऊ, हे तुमच्या दारातल्या पहारेकऱ्याला दिसलं असतं का?

वायरमन
नसतं दिसलं. पण सतरा कंडिशनवाल्यालाही नसतं दिसलं.

सेवाकक्ष
मी प्रोग्रामर नाही, हे फ्लो वापरणारी आहे. 'फेल्ड करून थांबवा' असं तुम्ही किती सहज म्हणता! फेल झाल्याची मेल जाते फ्लो बांधणाऱ्याला. त्याने ती वेगळ्या फोल्डरात टाकायचा नियम केलेला असतो. अर्ज भरणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही. त्यापेक्षा ईमेल नसेल तर एक ठरलेला पत्ता धरा, म्हणजे निदान कुणाच्या तरी हातात अर्ज पडेल.

तर्कट
ठरलेला पत्ता म्हणजे माझे १० टक्केच की! चूक झाकली जाते. त्या पत्त्यामागचा माणूस चार दिवस 'हे माझ्याकडे का येतंय' म्हणेल आणि पाचव्या दिवसापासून न वाचता मंजूर करेल.

सेवाकक्ष
सवलतीचा आकडा आणि माणूस यांत फरक आहे. आकडा गप्प बसतो. माणूस निदान चार दिवस तरी तक्रार करतो, तेवढ्यात कुणी लक्ष घातलं तर बिघाड सापडतो. तुमच्या लाल खुणेची तक्रार कोण करतं?

जुनं खोड
बाईंचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र मेलच्या विषयातच लिहा: 'मंजुरी देणारा सापडला नाही, म्हणून तुमच्याकडे'. नाहीतर तर्कट म्हणतात तेच होणार.

वायरमन
सेवाकक्ष, तुमचं वाचून रन हिस्टरी उघडली. २८ दिवसांच्या मागचं दिसत नाही, पण तेवढ्यातच त्या मोकळ्या फांदीवरून घसरलेले ६ अर्ज मिळाले. सगळ्यांवर हिरवी खूण. आता टर्मिनेटच्या आधी दोन पायऱ्या घालतोय: एक मेल अर्जदाराला, एक कार्मिक विभागाला, जुनं खोड म्हणतात तसा विषय लिहून. 'फेल्ड' मात्र ठेवणार, त्यावर मी ठाम आहे.

त्या सहाजणांना फोन करायला बसलोय. पहिला म्हणाला, "कुठली रजा? ती घेऊन, परत येऊन दोन आठवडे झाले."